इन्क्युबेटरमधला पंखा: कुठे बसवायचा, किती फिरवायचा आणि कुठे फसायला होतं

माझ्या पहिल्या बॅचला थर्माकोलच्या खोक्यात, म्हणजे अंडी उबवायच्या घरगुती इन्क्युबेटरमध्ये, ४० गावरान अंडी होती आणि पंखा नव्हता. अकरा पिल्लं निघाली, तीही जवळपास सगळी बल्बच्या बाजूच्या अंड्यांतून. दुसऱ्या बॅचला ओळखीच्या एकाने सांगितलं म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला. पूर्ण वेगात, थेट अंड्यांवर तोंड करून. तेव्हा आठच निघाली. उरलेली अंडी फोडून पाहिली तर बऱ्याच अंड्यांत पूर्ण वाढलेली, पिसं आलेली पिल्लं आतल्या पडद्याला चिकटून मेलेली होती. एकवीस दिवस सांभाळलेला जीव असा जाताना पाहणं सोपं नसतं. त्या दोन बॅचनंतर मी पंखा या एकाच गोष्टीवर नीट काम केलं. नव्याने इन्क्युबेटर बनवणाऱ्यांसाठी ते सगळं इथे क्रमाने लिहितोय.

मी सांगोल्याकडचा, म्हणजे कोरड्या हवेचा माणूस. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी पाण्याबाबतचे माझे अंदाज आपल्या हवेप्रमाणे बदलून घ्यावेत. पंख्याचं गणित मात्र सगळीकडे सारखंच.

१. आधी पंख्याचं काम समजून घ्या

पंखा अंड्यांना वारा घालण्यासाठी नसतो. खोक्यातली गरम हवा वर जाते, गार हवा तळाला बसते, कोपरे वेगळेच राहतात. बिनपंख्याच्या खोक्यात एकाच अंड्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या तापमानातसुद्धा फरक असतो. पंखा ही सगळी हवा घुसळून एकसारखी करतो. त्याचं मुख्य काम एवढंच.

दुसरं काम कमी लोकांना माहीत असतं. पहिल्या आठवड्यात अंडं बाहेरून उष्णता घेतं. शेवटच्या आठवड्यात आतलं पिल्लू मोठं झालेलं असतं आणि ते स्वतः उष्णता सोडायला लागतं. तेव्हा हवा हलती नसेल तर दाटीने ठेवलेल्या अंड्यांच्या मधोमध ऊब साचते. थर्मोस्टॅट (तापमान पाहून बल्ब चालू-बंद करणारं यंत्र) ३७.५ अंश दाखवतो आणि मधली अंडी त्याहून गरम असतात. अमेरिकेत सॅम्युएल स्मिथ यांना १९१८ साली पंख्याने हवा फिरवून अंडी उबवण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं, त्यात हाच मुद्दा मांडला होता: पुढच्या अवस्थेतल्या अंड्यांची जादा उष्णता फिरत्या हवेने मागच्या अवस्थेतल्या अंड्यांकडे न्यायची. आजची मोठी हॅचरी यंत्रंही हवा फिरवूनच चालतात.

खुडूक कोंबडीला पंखा लागत नाही, कारण ती पोटाच्या कातडीने अंड्याला थेट ऊब देते आणि दिवसभर चोचीने अंडी आतबाहेर सरकवत राहते. खोक्यात ते करणारं कुणी नसतं.

२. सामान गोळा करा

५० अंड्यांपर्यंतच्या खोक्यासाठी मी हे वापरतो:

- १२ व्होल्ट डीसी पंखा, ८० मिलिमीटरचा (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये असतो तसा). १०० ते २०० अंड्यांच्या कपाटाला १२० मिलिमीटरचा.
- पंख्यासाठी वेगळा अॅडॉप्टर, व्होल्टेज कमीजास्त करता येणारा (३ ते १२ व्होल्ट)
- थर्मोस्टॅट आणि त्याचा स्वतःचा १२ व्होल्ट अॅडॉप्टर
- ४० किंवा ६० वॅटचे दोन पिवळे, तारेचे बल्ब आणि चांगले होल्डर
- पंख्याला दोन्ही बाजूंनी लावायची जाळी
- प्लायचा किंवा पत्र्याचा एक आडपडदा
- अंड्यांखाली घालायची तारेची जाळी
- दोन-तीन थर्मामीटर, एक आर्द्रतामापक
- पाण्याचे दोन पसरट ट्रे, सुती दोरा, छोटा डिजिटल वजनकाटा

बल्बबद्दल एक सूचना. एलईडी बल्ब चालणार नाही, त्यातून पुरेशी उष्णता निघत नाही. दोन बल्ब यासाठी की एक उडाला तर दुसरा बॅच तगवून धरतो. बल्ब आणि थर्माकोल यांच्यात किमान वीतभर अंतर ठेवा. थर्माकोल वितळतो आणि पेटतोही. जमत असेल तर खोकं प्लायचंच करा.

पंखा घेताना दुकानदाराला 'बॉल बेअरिंगचा आहे का?' असं विचारा. बुशचा, म्हणजे बेअरिंगऐवजी साध्या नळीत फिरणारा पंखा स्वस्त मिळतो, पण ३७ अंशांच्या दमट हवेत रात्रंदिवस फिरून त्याचं तेल सुकतं, मग तो घरघरायला लागतो आणि एखाद्या रात्री थांबतो. भंगारातला घेणार असाल तर बोटाने फिरवून पाहा. सहज फिरून हळूहळू थांबला तर ठीक, अडखळला तर घेऊ नका.

३. जागा ठरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, म्हणून जरा सविस्तर.

खोक्याच्या एका टोकाला साधारण सहा इंच जागा सोडून आडपडदा उभा करा. पडद्याच्या वर दोन इंच आणि खाली दोन इंच फट राहू द्या. पडद्यामागच्या कप्प्यात बल्ब आणि पंखा, पुढच्या भागात अंडी. पंखा वरच्या फटीजवळ असा बसवा की तो बल्बवरची गरम हवा ओढून छताला लागून पुढे ढकलेल. हवा छताखालून समोरच्या भिंतीपर्यंत जाते, तिथून खाली उतरते, अंड्यांच्या जाळीखालून आणि अंड्यांमधून परत येते आणि खालच्या फटीतून बल्बकडे जाते. एक पूर्ण फेरा तयार होतो. अंड्यांवर कुठूनच थेट झोत येत नाही.

हा फेरा चालू राहण्यासाठी:

- अंड्यांची जाळी तळापासून किमान दोन इंच उंच हवी. जाळीवर वर्तमानपत्र अंथरलंत तर खालून येणारी हवा बंद होते.
- अंडी भिंतीला चिकटवून ठेवू नका, चारी बाजूंनी इंचभर जागा सोडा.
- पाण्याचा ट्रे जाळीखाली ठेवा, पण खालची फट त्याने झाकू नका.

आडपडदा करणं जमणार नसेल तर निदान पंख्याचं तोंड वर छताकडे किंवा समोरच्या रिकाम्या भिंतीकडे करा. हवा भिंतीवर आपटून, पसरून मगच अंड्यांपर्यंत यायला हवी.

४. भोकं पाडा, कारण पंखा ताजी हवा आणत नाही

पंखा चालू आहे म्हणजे हवा खेळती आहे, असा पुष्कळांचा समज असतो. बंद खोक्यात पंखा तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. अंड्यातलं पिल्लू टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून ऑक्सिजन घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. शेवटच्या तीन-चार दिवसांत ही गरज खूप वाढते.

पंख्याच्या मागच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या बाजूला खाली दोन भोकं आणि समोरच्या टोकाला वर दोन भोकं पाडा. करंगळी जाईल एवढी पुरेत. मागे हवा ओढली जाते म्हणून तिथून ताजी हवा आत येते आणि समोरून वापरलेली बाहेर पडते. सुरुवातीला एकेक भोक बुचाने बंद ठेवा. १८ व्या दिवसापासून सगळी उघडा.

५. वायरिंग: पंखा थर्मोस्टॅटमधून जोडू नका

थर्मोस्टॅटच्या रिलेतून (त्याच्या आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) फक्त बल्बची जोडणी जाईल. पंख्याचा अॅडॉप्टर थेट बोर्डाला, चोवीस तास चालू. बल्ब बंद झाल्यावर पंखाही बंद झाला तर तापलेल्या बल्बची उष्णता वर साचते, हवेचे थर पुन्हा तयार होतात आणि दर दहा मिनिटांनी हेच चालू राहतं.

बाजारात डब्ल्यू १२०९ नावाचा छोटा थर्मोस्टॅट सहज मिळतो. तो घेतलात तर दोन गोष्टी आठवणीने बदला. तो कारखान्यातून 'सी' म्हणजे थंड करण्याच्या सेटिंगवर येतो, ते त्याच्या सेटिंगमधल्या पी० मध्ये जाऊन 'एच' म्हणजे गरम करण्याचं करा. नाहीतर खोकं तापल्यावर बल्ब लागेल. आणि पी१ मधला फरक (बल्ब बंद होण्याच्या आणि पुन्हा लागण्याच्या तापमानातला) २ अंशांचा असतो, तो ०.२ किंवा ०.३ वर आणा. २ अंशांवर ठेवलात तर तापमान ३५.५ पर्यंत उतरल्याशिवाय बल्ब लागणारच नाही. या थर्मोस्टॅटला पूर्ण १२ व्होल्ट लागतात आणि पंखा आपण कमी व्होल्टवर चालवणार आहोत, म्हणून वर दोन अॅडॉप्टर लिहिले.

सेन्सर अंड्यांच्या उंचीवर, मधल्या भागात लटकवा. पंख्याच्या झोतात किंवा बल्ब दिसेल अशा ठिकाणी लावलात तर तो लवकर तापतो आणि अंडी गार राहतात.

२३० व्होल्टची जोडणी स्वतः करण्याचा अनुभव नसेल तर वायरमनकडून करून घ्या. आत पाणी आणि दमट हवा आहे, उघडी तार नको. बल्बच्या तारेत दुसरा एक थर्मोस्टॅट ३८.८ वर लावून ठेवला तर पहिल्याचा रिले चिकटला तरी बॅच वाचते. खर्च थोडा वाढतो, पण मी आता त्याशिवाय अंडी ठेवत नाही.

६. वेग ठरवा

८० मिलिमीटरचा पंखा १२ व्होल्टवर छोट्या खोक्याला जास्त होतो. मी ७.५ ते ९ व्होल्टवर चालवतो. काही पंखे ५ किंवा ६ व्होल्टवर फिरताना दिसतात, पण वीज जाऊन आली की जागचे हलत नाहीत. म्हणून जे व्होल्टेज ठरवाल, त्यावर पंखा पूर्ण थांबवून पाच-सहा वेळा चालू करून बघा. दर वेळी आपोआप सुटला पाहिजे.

वेग योग्य आहे का, हे पाहायला दोऱ्याचा उपाय उत्तम. सुती दोऱ्याचे वीतभर तुकडे अंड्यांच्या उंचीवर चारही कोपऱ्यांत आणि मध्ये लटकवा. सगळीकडे दोरा हलका थरथरला पाहिजे. कुठे आडवा उडत असेल तर तिथे झोत लागतोय, कुठे अगदी निश्चल असेल तर तिथे हवा पोचत नाही.

७. चोवीस तास रिकामी चाचणी

ही पायरी टाळू नका. उत्साहात आम्ही सगळेच टाळतो आणि अंडी गमावतो.

आधी थर्मामीटर तपासा. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आपल्याला हव्या त्याच टप्प्यात अचूक असतो. कोमट पाण्यात तो आणि खोक्यातला थर्मामीटर शेजारी-शेजारी धरून फरक लिहून ठेवा. आर्द्रतामापकासाठी बाटलीच्या बुचात मीठ घेऊन थोड्या पाण्याने चिखलासारखं ओलं करा. ते आणि मापक हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवं. ७० दाखवलं तर तो ५ ने कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवायचं.

मग खोकं चालू करून कोपऱ्यांत आणि मध्ये तापमान मोजा. जाळी रिकामी असताना आणि भरलेली असताना हवा वेगळी वाहते, म्हणून दुकानातली खायची अंडी आणून जाळी भरूनच मी मोजतो. (ती अंडी नंतर खाऊ नका.) कोपऱ्या-कोपऱ्यातला फरक अर्ध्या अंशाच्या आत आला पाहिजे. आला नाही तर वेग वाढवण्याआधी पंख्याची दिशा आणि फटी तपासा. माझ्याकडे एका कोपऱ्यात दीड अंश कमी येत होतं, कारण पाण्याच्या ट्रेने खालची फट अर्धी झाकली होती.

८. पंखा लावलात, तर तापमान बदला

सर्वांत जास्त अंडी इथे मरतात. बिनपंख्याच्या खोक्यात अंड्याच्या वरच्या टोकाशी ३८.५ ते ३९ अंश ठेवतात, कारण अंड्याचा खालचा भाग त्याहून गार असतो. पंख्याच्या खोक्यात अंड्याला सगळीकडून तेच तापमान मिळतं, म्हणून ते ३७.५ ते ३७.७ हवं. जुन्या खोक्यात पंखा बसवून थर्मोस्टॅट ३९ वरच ठेवलात तर अंडी उकडल्यासारखी होतात. कुणी आकडा सांगितला तर आधी विचारा, 'पंख्याचा की बिनपंख्याचा?'

९. पाण्याचंही गणित बदलतं

फिरत्या हवेने अंड्यातलं आणि ट्रेमधलं पाणी लवकर उडतं. कोंबडीच्या अंड्यांना पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के लागते. आर्द्रता पाण्याच्या पसाऱ्यावर अवलंबून असते, पाणी किती खोल आहे त्यावर नाही. वाढवायची असेल तर दुसरा ट्रे ठेवा किंवा ट्रेमध्ये स्पंज उभा करा. आमच्याकडे मार्चमध्ये दोन ट्रेही कमी पडतात. कोकणात पावसाळ्यात सुरुवातीचे १८ दिवस अनेकदा पाणी ठेवावंच लागत नाही.

मापकापेक्षा माझा वजनकाट्यावर जास्त विश्वास आहे. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटायला हवं. दहा अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून पहिल्या दिवशी एकत्र वजन करा. समजा ४५० ग्रॅम भरलं, तर सातव्या दिवशी ते ४२९ च्या आसपास आणि १८ व्या दिवशी ३९६ च्या आसपास यावं. त्याहून जास्त घटलं तर पाणी वाढवा आणि पंख्याचा झोत कुठे लागतोय का, ते बघा. कमी घटलं तर पाणी काढा.

१०. एकवीस दिवस

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. पशुसंवर्धन विभागाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांत (खडकी, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर) उबवणीची अंडी आणि एक दिवसाची पिल्लं मिळू शकतात. आधी फोन करून चौकशी करा. प्रवासातून आलेली अंडी रुंद टोक वर करून काही तास स्थिर ठेवा आणि मगच लावा.

रोज तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवा. पंखा चालू असतानाच झाकण उघडलंत तर तो गरम हवा बाहेर फेकतो, म्हणून झाकण उघडण्याच्या आधी पंख्याचं बटण बंद करा आणि लावल्यावर लगेच चालू करा. मी बटणाशेजारी 'पंखा?' असं लिहून चिकटवलंय.

सातव्या दिवशी रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अंडी पारखा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. रिकामी अंडी काढली की उरलेली सबंध जाळीवर सारखी पसरा. एका बाजूला गोळा करून ठेवलीत तर हवेचा फेरा बदलतो.

१८ व्या दिवशी फिरवणं बंद, अंडी जाळीवर आडवी, पाणी वाढवा, भोकं उघडा आणि पंखा एक पायरी हळू करा. पिल्लं निघताना पंखा पूर्ण बंद करावा असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. त्याच दिवसांत अंडी सर्वांत जास्त उष्णता सोडत असतात. फक्त झोत लागू देऊ नका. पिल्लाने आतून टोच मारलेल्या अंड्यावर वारा लागला की अंड्यातला पडदा कागदासारखा सुकतो आणि पिल्लाला आत वळता येत नाही. पंख्याला जाळी आहे ना, हे या दिवशी पुन्हा पाहा. ओली पिल्लं धडपडत कुठेही पोचतात.

निघालेली पिल्लं वाळेपर्यंत आतच राहू द्या. पोटात बलकाचा साठा असतो, एक दिवस खाण्यापिण्याशिवाय त्यांना काही होत नाही. झाकण उघडायचा मोह आवरा.

११. वीज गेली तर

इथे घाईत उलटं करून बसतो आपण. पहिल्या दोन आठवड्यांत वीज गेली तर पंखा बॅटरीवर चालवू नका. बल्ब बंद असताना पंखा चालला तर खोकं लवकर गार होतं. भोकं बंद करा, वरून गोधडी टाका (बल्ब बंद असतानाच, आणि वीज येताच काढा). तासा-दोन तासांचं लोडशेडिंग अंडी सहन करतात.

शेवटच्या चार-पाच दिवसांत खोकं अंड्यांनी भरलेलं असेल तर उलट काळजी. अंडी स्वतः तापतात आणि हवा कोंडते. तेव्हा भोकं उघडी ठेवा आणि पंखा बॅटरीवर चालवा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी असा पंखा दिवसभर सहज चालवते. बल्ब मात्र त्या बॅटरीवर तासभरही धड चालत नाही.

आणि एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० अंशांवर गेली तर कुठलाही पंखा खोकं थंड करू शकत नाही, तो तीच गरम हवा फिरवतो. मी अंडी फेब्रुवारीत लावतो किंवा पहिला पाऊस पडल्यावर.

१२. पिल्लांवरून पंख्याची चूक ओळखा

- एका बाजूची पिल्लं २० व्या दिवशी, दुसऱ्या बाजूची २२ व्या दिवशी: हवा सारखी फिरत नाही. दिशा आणि फटी बघा.
- सगळीच लवकर निघाली, काहींची नाळ नीट मिटलेली नाही: तापमान जास्त.
- सगळीच उशिरा: तापमान कमी किंवा सेन्सर चुकीच्या जागी.
- अंड्यातल्या पडद्याला चिकटून मेलेली: आर्द्रता कमी किंवा थेट झोत.
- पोट फुगलेली, ओलसर, अंड्यातच गुदमरलेली: पाणी जास्त किंवा भोकं कमी.

यासाठी अंडी लावताना प्रत्येकावर पेन्सिलीने जागा लिहा: डावा कोपरा, मध्य, आडपडद्याजवळ. कुठलं अंडं कुठे होतं हे माहीत नसेल तर फोडून पाहूनही काही कळत नाही.

१३. बॅच संपल्यावर

पिल्लांच्या अंगावरची बारीक लव पंख्याच्या पात्यांवर आणि मोटरच्या फटीत जाऊन बसते. दोन बॅच साफ केलं नाही तर वेग निम्मा होतो आणि बाहेरून काही समजत नाही. प्लग काढा, पंखा खोलून जुन्या टूथब्रशने पाती घासा, फुंकून मोटर मोकळी करा. पंख्याला पाणी लावू नका. खोकं आणि जाळ्या साबणाच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. मग पंखा बसवून पुन्हा दोऱ्याची चाचणी घ्या.

आणि त्याच मापाचा दुसरा पंखा, तारा जोडून तयार, खोक्याच्या वरच ठेवा. माझा एकदा सतराव्या दिवशी रात्री साडेअकराला थांबला होता. दुसरा हाताशी होता म्हणून दहा मिनिटांत बदलता आला आणि त्या बॅचला ४० पैकी ३१ पिल्लं निघाली.